जॅक रसेलचे पिल्लू घरी आणल्यावर

आपण जॅक रसेल टेरियर या छोट्या शिकारी कुत्र्याच्या जातीचे पिल्लू घेतले आहे, तर त्याच्या लहान आकारापेक्षा त्याच्या कुळाचा विचार आधी करावा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील डेव्हनचे पाद्री जॉन रसेल यांनी कोल्ह्याला बिळातून हुसकावण्यासाठी जोपासलेल्या टेरियरांचा हा वंशज आहे आणि तो स्वभाव आजही टिकून आहे. त्यामुळे खणणे, भुंकणे, खारीमागे धावणे यांना खोड्या समजून रागावणे ही नवख्यांची नेहमीची चूक होय.

सुरुवातीला एवढे सांभाळावे:
- रोज भरपूर व्यायाम द्यावा. नुसते अंगणात सोडणे पुरत नाही.
- कुंपणाखालची माती पक्की करावी आणि उघड्यावर पट्टा सोडू नये.
- लहानपणीच माणसांची व इतर कुत्र्यांची सवय लावावी.

घरात ससा असल्यास दोघांच्या मैत्रीची आशा मात्र धरू नये. केसांना आठवड्यातून एकदा ब्रश पुरेसा होतो.