बीजिंगमधील निषिद्ध नगरी आणि चीनची भिंत एकाच दिवसात पाहून होतील का?

घाईने उरकता येतील, पण पहिल्याच भेटीत तसे करू नये. दोन्हींसाठी स्वतंत्र दिवस राखून ठेवावा. १४२० साली पूर्ण झालेला निषिद्ध नगरीचा हा राजवाडा सुमारे ७२ हेक्टरांवर पसरलेला असून प्रवेश केवळ दक्षिणेकडील वूमेन दरवाजातून मिळतो, आणि बहुतेक पर्यटक मधल्या सिंहासनाच्या दालनांवरून नजर फिरवून सरळ उत्तरेकडे बाहेर पडतात. खरे बारकाईचे काम मात्र ईशान्येकडच्या चौकांत आहे. तेथील नऊ ड्रॅगनांची झिलईदार भिंत अवश्य पाहावी (वेगळे तिकीट लागते, पण ते घ्यावेच). तिच्यावरील पांढऱ्या ड्रॅगनच्या पोटाचा एक तुकडा लाकडाचा आहे, आणि रंग उडाल्यामुळे तो जवळून ओळखू येतो. चीनच्या भिंतीसाठी मुतियान्यू हा शहरापासून सुमारे ७० किलोमीटरवरचा भाग निवडावा, कारण बादालिंग या भिंतीच्या दुसऱ्या भागाच्या तुलनेत तेथे गर्दी कमी असते आणि वर जाण्यास केबल कारही आहे. एक गोष्ट मात्र आधीच पाहावी: राजवाडा सार्वजनिक सुट्ट्या वगळता सोमवारी बंद असतो आणि तिकीट पासपोर्टच्या तपशिलावर आगाऊ आरक्षित करावे लागते, त्यामुळे मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा.