कंपनीच्या शेअरपॉइंटवर टिडलीविकी ठेवून वापरता येते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे की, धुळ्याच्या कारखान्यातील देखभाल विभागाच्या नोंदी आपण टिडलीविकीत (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या, एकाच फाइलच्या नोंदवहीत) लिहून ठेवल्या, ती फाइल कंपनीच्या शेअरपॉइंटवर (कागदपत्रे सर्वांसाठी एकत्र ठेवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेवर) चढवली, परंतु तिथे ती विकी म्हणून उघडत नाही. तेव्हा तिचे एक्सटेन्शन, म्हणजे नावाचे शेपूट, बदलून एएसपीएक्स (शेअरपॉइंट ज्याला पान म्हणून चालवतो तो फाइलप्रकार) करावे काय? मी जळगाव एमआयडीसीतील पाइप तयार करणाऱ्या कारखान्यात देखभालीचेच काम पाहतो आणि अशीच विकी रोज वापरतो. माझे मत स्पष्ट आहे: फाइल शेअरपॉइंटवर अवश्य ठेवावी, पण ती शेअरपॉइंटच्या पानावरून चालवण्याचा आग्रह सोडून द्यावा.

कारण समजून घेतले म्हणजे आयटी विभागावर राग राहत नाही. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये टिडलीविकी प्रथम प्रसिद्ध केली तेव्हापासून तिचे वैशिष्ट्य हेच आहे की, आपल्या नोंदी आणि त्या दाखवणारा, शोधणारा, बदलणारा जावास्क्रिप्टचा सगळा कोड एकाच एचटीएमएल फाइलमध्ये असतो. अशी फाइल कंपनीच्या शेअरपॉइंटच्या पत्त्यावरून चालू लागली, तर तिच्यातील कोडला ती उघडणाऱ्या माणसाचे अधिकार वापरता येतात. उघडणारा लेखा विभागाचा प्रमुख असेल तर त्याच्या आवाक्यातील सर्व कागदपत्रे त्या कोडच्याही आवाक्यात येतात. आपला हेतू कितीही स्वच्छ असला तरी सर्व्हरला हेतू दिसत नाही. म्हणून शेअरपॉइंट ऑनलाइनवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चालणाऱ्या शेअरपॉइंटवर, बाहेरून आणलेली स्क्रिप्ट चालवण्याची सोय मुळातच बंद असते, आणि ती बंद असताना एएसपीएक्स फाइल चढवू दिली जात नाही. प्रशासकाने एखाद्या साइटपुरती ती सोय उघडली तरी २४ तासांच्या आत ती पुन्हा बंद होते, असे मायक्रोसॉफ्टचे आताचे धोरण आहे. एक्सटेन्शन बदलण्याची युक्ती जुन्या काळातील आहे. कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट बसवलेले असेल तर ती कदाचित लागू पडेल, पण तिथेही प्रशासकाला विचारल्यावाचून ती करू नये.

माझी पद्धत साधी आहे. विभागाच्या शेअरपॉइंट साइटवरील ज्या लायब्ररीत (फाइलींच्या साठ्यात) फाइल ठेवायची, ती मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने आपल्या संगणकावर सिंक करावी, म्हणजे दोन्हीकडच्या प्रती आपोआप सारख्या राहतील, आणि त्या फोल्डरमधूनच विकी उघडावी. फोल्डरवर ‘नेहमी या उपकरणावर ठेवा’ हा पर्याय निवडून ठेवावा, म्हणजे इंटरनेट बंद पडले तरी नोंदी हाताशी राहतात. आमच्याकडे मे महिन्यात उष्मा असह्य झाला की एक्स्ट्रूडरच्या (पाइप तयार करणाऱ्या यंत्राच्या) पॅनलमधील ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणे, तापून ट्रिप होतात, आणि गेल्या उन्हाळ्यात कोणता पंखा बदलला होता ही नोंद नेमकी त्याच वेळी हवी असते.

सेव्ह करण्याचा प्रश्न मात्र उरतो, कारण ब्राउझर स्थानिक फाइलवर थेट लिहू देत नाही. तो बदललेली विकी नवी फाइल म्हणून डाउनलोड करतो. टिडलीडेस्कटॉप हे मोफत सॉफ्टवेअर वापरल्यास बदल जागच्या जागी सेव्ह होतात, आणि परवानगी मिळणार असेल तर मी त्याचीच शिफारस करीन. ती मिळत नसेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘प्रत्येक फाइल कुठे सेव्ह करायची ते विचारा’ हा पर्याय चालू करावा आणि दर वेळी सिंक झालेल्या फोल्डरमधील जुन्याच फाइलवर सेव्ह करावे. हे थोडे कंटाळवाणे आहे, पण भरवशाचे आहे.

शेअरपॉइंटचा खरा लाभ जुन्या आवृत्त्यांमध्ये आहे. लायब्ररी सहसा शेवटच्या ५०० आवृत्त्या जपते, त्यामुळे चुकून पुसलेली नोंद परत आणता येते. मात्र प्रत्येक वेळी संपूर्ण फाइलच नव्याने साठवली जाते. रिकामी विकीसुद्धा दोनेक एमबीची असते. तिच्यात यंत्रांची छायाचित्रे कोंबली तर प्रत्येक आवृत्ती फुगते आणि साइटची जागा खाते. छायाचित्रे शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवून नोंदीतील ‘_canonical_uri’ (कॅनॉनिकल यूआरआय) या फील्डमधून त्यांचा नुसता पत्ता द्यावा. फाइलचे नाव रोमन लिपीत ठेवावे, कारण देवनागरी नावाची लिंक कॉपी केली की टक्केचिन्हांची लांबलचक ओळ होते. आतील शीर्षके, टॅग आणि शोध मराठीत अगदी व्यवस्थित चालतात.

लिहिणारा माणूस एकच असावा. दोघांनी एकाच वेळी विकी उघडून बदल केले तर एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनाखाली गडप होऊ शकते, किंवा वनड्राइव्ह संगणकाचे नाव जोडून दुसरी प्रत तयार करतो. मग त्या दोन प्रती जुळवत बसावे लागते. सहकाऱ्यांना लायब्ररीवर केवळ वाचण्याची परवानगी द्यावी आणि त्यांच्या दुरुस्त्या तोंडी किंवा मेलवर घेऊन आपण लिहाव्यात. अनेकांना लिहायचेच असेल तर टिडलीविकी हे त्यासाठीचे साधन नव्हे. तिथे शेअरपॉइंटची स्वतःची पाने किंवा वननोट ही मायक्रोसॉफ्टची नोंदवही वापरलेली बरी.

पासवर्ड किंवा पगाराची माहिती या विकीत लिहू नये. टिडलीविकीला पासवर्ड लावून ती कूटबद्ध करता येते हे खरे, पण तो पासवर्ड विसरल्यास आयटी विभागालाही ती उघडता येणार नाही. फाइल आपल्या वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये न ठेवता विभागाच्या साइटवरच ठेवावी, हेही पाहावे. कर्मचाऱ्याचे खाते काढून टाकल्यावर त्याचे वनड्राइव्ह, वेगळी व्यवस्था केली नसेल तर, ३० दिवसांनी पुसण्याच्या रांगेत जाते, आणि आपल्या जागी येणाऱ्या माणसाला त्या नोंदींची गरज नेमकी त्यानंतर पडेल.