मिड-सेंच्युरी मॉडर्न फर्निचर घेतलं, पण घर शोरूमसारखं दिसतं. ते आपलं कसं वाटेल?

तुम्ही लिहिलंय की निमुळत्या पायांचा सोफा, लांब बुटका साइडबोर्ड (भिंतीलगतचं कपाट), सूर्यकिरणांसारखं घड्याळ, मोहरी रंगाच्या उशा असं सगळं जमवून झालं. येणारे-जाणारे ‘वा, छान’ म्हणतात आणि तुम्हाला मात्र कुणाच्या तरी कॅटलॉगमध्ये मुक्कामाला आल्यासारखं वाटतं. माझंही अगदी असंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विसाव्या शतकाच्या मध्यातल्या या शैलीचं नाव बरंच नंतरचं आहे. १९८४ साली एका अमेरिकन लेखिकेने १९५० च्या दशकातल्या फर्निचरवर पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकामुळे ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हा शब्द रूढ झाला. ज्यांनी त्या खुर्च्या-टेबलं घडवली, ते काही ‘त्या शैलीत’ घर सजवत नव्हते. ते आपलं घर लावत होते, एवढंच.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर नवरा-बायकोचंच घर बघा. १९४९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक पॅलिसेड्स भागात त्यांनी ते स्वतःसाठी बांधलं. पोलादी सांगाडा, मोठमोठ्या काचा, कारखान्यात तयार मिळणारे भाग. बाहेरून चौकोनी, शिस्तीत. आणि आत? शिंपले, दगड, बाहुल्या, घोंगड्या, मेणबत्त्या, पुस्तकांचे ढीग, कुंड्या. वाळवंटात वाऱ्याबरोबर गडगडत जातं तसलं एक वाळकं झुडूप त्यांनी प्रवासातून उचलून आणून छताला टांगलं होतं. चित्रसुद्धा भिंतीवरच लावायचं असं नाही. एक तर त्यांनी छतालाच आडवं लावलं होतं. त्या घराचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला चक्क पसारा वाटला. पुन्हा पाहिल्यावर लक्षात आलं की पसारा जिथे आहे तिथे गच्च आहे आणि त्याच्या शेजारी जमीन स्वच्छ मोकळी आहे.

त्या पसाऱ्यात एक काळा लाकडी पक्षी होता. लोककलेतला, कुठल्या तरी भटकंतीत त्यांना सापडलेला. आज व्हिट्रा कंपनी त्याची प्रतिकृती विकते आणि जगभरच्या दिवाणखान्यांत तो साइडबोर्डवर बसलेला दिसतो. माझ्याही ‘घ्यायच्या यादीत’ तो होता बरं का! मग डोक्यात आलं, त्यांना तो आवडला म्हणून त्यांनी उचलून आणला. मी त्यांची आठवण विकत घेऊन माझ्या घरात काय करणार? तुमचं घर परकं वाटतं त्याचं मूळ मला इथेच दिसतं. सांगाडा त्यांचा चालेल, पण पक्षी तुमचा हवा.

माझा पक्षी मला अपघाताने मिळाला. साइडबोर्डवर गरम भांड्याचा पांढरा गोल डाग पडला होता. मी पॉलिश पेपर घेतला आणि बसले घासत. डाग गेला, हुरूप आला, आणखी थोडं घासलं, आणि लाकडाच्या रेषा अचानक संपल्या. खालून फिकट, निर्जीव प्लायवूड! वरचं व्हिनिअर, म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटरचं असतं, हे मला तेव्हा कळलं. (असे पांढरे डाग बहुतेकदा पॉलिशच्या थरातच असतात, लाकडात उतरलेले नसतात. आधी मऊ फडक्याने थोडं तेल चोळून बघा. पॉलिश पेपर शेवटी, आणि खरं तर नकोच.)

ते भगदाड झाकायला काहीतरी हवं होतं. हाताशी आलं ते आईच्या जुन्या शिलाई मशीनचं अरुंद ड्रॉवर. लाकूड काळपट, कडेची एक खाच बोटांनी गुळगुळीत झालेली. आत तेलाचा वास, गंजक्या सुईचा तपकिरी ओरखडा, अर्धवट रिळं, आणि तळाशी पेन्सिलने लिहिलेली कुणाच्या तरी ब्लाऊजची मापं. साइडबोर्डच्या मधाळ रंगाशी ते मुळीच जुळत नाही, म्हणूनच तिथे उठून दिसतं. येणारा माणूस आधी त्यालाच हात लावतो. साइडबोर्डबद्दल आता कुणी विचारत नाही.

तेव्हा आधी खरेदी थांबवा. आठवडाभरासाठी लहानसहान सगळ्या वस्तू एका खोक्यात भरून ठेवा. ज्याची आठवण येईल तेवढंच परत बाहेर काढा. घड्याळाची आठवण आली नाही तर ते देऊन टाका, त्यात वाईट वाटून घेऊ नका. मोहरी, नारिंगी, मोरपिशी हे तिन्ही रंग एकत्र असतील तर त्यातला एक काढा आणि त्या जागी तुमच्या कपाटात सगळ्यात जास्त दिसणारा रंग आणा. सोप्या उपायांत मला हा सगळ्यात खात्रीचा वाटतो.

पायांकडेही एकदा बघा. प्रत्येक वस्तूला तेच निमुळते पाय असले की खोलीत काटक्यांचं जंगल होतं. टेबल-खुर्च्यांखालच्या पायांच्या याच गर्दीला त्या काळातला डिझायनर एरो सारिनेन कंटाळला होता. त्यातूनच १९५७ च्या सुमारास त्याची एका दांड्यावर उभी टेबलं आणि ट्युलिप खुर्ची आली. तुम्ही एखादी वस्तू थेट जमिनीवर बसणारी ठेवा: पेटारा, जाड गादी, अगदी पुस्तकांची चळत.

लाकूड सगळं एकाच छटेचं करायच्या भानगडीत पडू नका. गुळगुळीत पृष्ठभाग या शैलीत भरपूर असतात, खरखरीत काहीतरी आणा: हाताने विणलेलं, मातीचं, दोरीचं. डॅनिश डिझायनर हान्स वेग्नरच्या विशबोन खुर्चीची बैठक जवळजवळ १२० मीटर कागदी दोरी हाताने विणून बनते. वापराने ती थोडी बसते, काळवंडते. बसू द्या.

चित्रं मात्र खाली उतरवा. फर्निचर बुटकं आणि फ्रेम मात्र आढ्याला, असं बहुतेक घरांत असतं. सोफ्याच्या पाठीपासून १५-२० सेंटिमीटरवर फ्रेमची खालची कड आली की दोन्ही एकमेकांची वाटतात. दिवे २७०० केल्व्हिनचे, पिवळसर घ्या. पांढऱ्या झगझगाटात लाकूड मेल्यासारखं दिसतं.

तुमच्याकडचं काही खरोखर त्या काळातलं असेल, तर हात घालण्याआधी ते उलटं करून खाली लेबल किंवा शिक्का आहे का बघा. असेल तर रंग लावू नका, घासू तर मुळीच नका. कापड बदलायला हरकत नाही, फक्त जुन्या कापडाचा एक तुकडा पाकिटात घालून बैठकीच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा.

राहता राहिला माझा साइडबोर्ड. दुरुस्त करणारा म्हणाला, नवीन व्हिनिअर बसवून देतो, कळणारसुद्धा नाही. मी म्हटलं, बघू. त्याला दोन वर्षं झाली, ड्रॉवर अजून तिथेच आहे.