बॅग भरली, आता काय टाकू?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही तिघं मित्र मिळून एक छोटा ॲक्शन आरपीजी (राक्षस मारत आपलं पात्र वाढवत न्यायचा गेम) बनवालोय. एक्सेलमध्ये ४०० आयटम लिहून झालेत, पांढरे, निळे, पिवळे, सोनेरी (रंगावरनं दर्जा) सगळे. परवा रूमवर एकाला टेस्टिंगला बसवला तर गडी तासभर खेळला आणि त्यातला निम्मा वेळ बॅग उघडून ह्या तलवारीत ३ टक्के जास्त का त्या तलवारीत हेच बघत बसला, आणि शेवटी म्हणतोय कसा, "भावा, मी योद्धा आहे का भंगारवाला?" लूट (राक्षस मारल्यावर पडणाऱ्या वस्तू) कमी करावी म्हटलं तर पार्टनर म्हणतोय मग गेममध्ये राहिलं काय. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: आधी त्या मित्राला मिसळ खाऊ घाल, लाखातलं बोललाय.

पार्टनरचंही चूक नाही बरं का. २००० साली डायब्लो २ आला, त्यात अंगठी जमिनीवर पडली की 'टिंग' असा बारीक आवाज यायचा, गर्दीत राक्षस अंगावर येत असले तरी कान तिकडंच. ती ओढ काढून टाकू नकोस. पण त्याच गेममध्ये पुढं एक गंमत झाली. रूनवर्ड आले, म्हणजे भोकं पाडलेल्या राखाडी साध्या वस्तूत ठरावीक रून (जादूच्या खुणा कोरलेल्या चकत्या) ठरावीक क्रमाने बसवायच्या की तिचं काहीतरी भारी होणार. एनिग्मा नावाचं चिलखत असं बनायचं, ते घातलं की कुठल्याही पात्राला टेलिपोर्ट, म्हणजे इथनं गायब होऊन तिथं उगवायला यायचं, जे एरवी फक्त जादूगारणीकडं असायचं! हातोडे फिरवणारा जाडजूड पॅलाडिन (चिलखतातला धर्मयोद्धा) भिंतीपलीकडं उड्या मारायला लागला, सगळा खेळच बदलला. तुझ्या ३ टक्क्यांनी काय बदलतंय सांग बघू? तलवारीचा आकडा वाढला, पुढच्या राक्षसाचाही वाढला, म्हणजे आपण आहे तिथंच की.

आपल्याकडचे मर्दानी खेळ कधी जवळून बघितलास का? दांडपट्टा हातात घातला की बोटं आतल्या आडव्या मुठीवर, वरनं लोखंडी आवरण, मनगट वळतच नाही, मग वार खांद्यातनं आणि कमरेतनं काढावा लागतो आणि पाय एका जागी ठेवून जमत नाही. विट्याचं, म्हणजे दोरी लावलेल्या भाल्याचं, अजून वेगळं, त्याची दोरी मनगटाला असते, फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. हत्यार बदललं की माणसाची चालच बदलते. तिथं कोण म्हणत नाही की हा पट्टा त्या पट्ट्यापेक्षा ३ टक्के भारी.

म्हणून एक काम कर. एक्सेलमध्ये एक नवीन कॉलम घाल आणि प्रत्येक आयटमसमोर लिही, हे हातात आलं की खेळणारा काय वेगळं करणार. लिहिता आलं नाही की ती ओळ उडव. ४०० चे ४० राहिले तरी रडू नकोस, सेकिरो २०१९ चा, अख्ख्या गेममध्ये मुख्य तलवार एकच, तरी कुणाला कंटाळा आला नाही (हात मात्र दुखले, माझे तरी). आकडे वाढवायचेच असतील तर लोहाराकडं पाठव, एल्डन रिंगमध्ये साधं हत्यारसुद्धा +२५ पर्यंत नेता येतं, म्हणजे आवडलेली तलवार दहा मिनिटांनी टाकून द्यायला लागत नाही. माझ्या मते आपली लूट सगळ्यात जास्त इथंच मार खाते, वस्तूवर जीव बसायच्या आधीच ती विकायची वेळ येते.

आणि हे मोठ्यांनाही उशिराच कळालंय. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये इतकं पडतं की खेळणारेच फिल्टर लावून निम्म्याहून जास्त माल लपवतात, म्हणजे गेमनं पाडायचं आणि आपण झाकायचं, काय अर्थ आहे राव! डायब्लो ४ नं मे २०२४ मध्ये चौथ्या सीझनला पडणाऱ्या वस्तू कमी केल्या, वस्तूंवरच्या गुण सांगणाऱ्या ओळीपण कमी केल्या. तू रिलीजच्या आधीच कर.

प्रश्न: खेळणाऱ्यांना आपापसात आयटम विकू द्यावेत का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: खुला बाजार नको. डायब्लो ३ नं २०१२ मध्ये लिलावघर उघडलं, खऱ्या पैशाचंसुद्धा, आणि झालं काय की चांगली वस्तू राक्षस मारून मिळवण्यापेक्षा बाजारात घेणं सोपं पडायला लागलं, लोक गेम सोडून भाव बघत बसले. १८ मार्च २०१४ ला ते बंद केलं आणि त्याच सुमारास लूटपण बदलली, आपल्या पात्राला चालेल असाच माल जास्त पडायला लागला. त्यानंतरची सोय मला पटते, भारी वस्तू पडली तेव्हा जे सोबत लढत होते त्यांनाच ती देता येते, आणि तीही दोन तासांच्या आत.