कॉलेजात महोत्सवांतले निवडक चित्रपट दाखवायचे आहेत, पाहुणेही येणार आहेत. विद्यार्थ्यांची ज्युरी ठेवावी का आणि कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन दिवस, देशविदेशातल्या महोत्सवांत गाजलेले आठ-दहा चित्रपट, दोन-तीन पाहुणे आणि पाच विद्यार्थ्यांची ज्युरी. विभागातले काही प्राध्यापक म्हणतात, "मुलांना काय कळतंय? ज्युरी नावापुरती ठेवा, निकाल आपण बघून घेऊ." तर काय करावं?

नावापुरती ठेवणार असाल तर ठेवूच नका. जिल्ह्याच्या गावातल्या एका फिल्म सोसायटीचं काम मी चौदा वर्षं करते आहे, आणि पहिल्या वर्षी आम्ही अगदी तेच केलं होतं. सात जणांची ज्युरी, गळ्यात बिल्ले, पहिल्या रांगेत राखीव खुर्च्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका ज्येष्ठ सरांनी सगळ्यांना चहाला बोलावलं आणि कोणत्या चित्रपटाला बक्षीस दिलं तर बरं दिसेल ते समजावून सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या. समारोपाला निकाल वाचला तेव्हा त्या सातांपैकी कोणी टाळी वाजवली नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांतलं एकही जण स्क्रीनिंगला फिरकलं नाही. ती मुलं आमच्या हातून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता "मुलांना काय कळतंय" याबद्दल. बर्लिनच्या महोत्सवात बालकिशोरांच्या चित्रपटांचा एक विभाग १९७८ पासून चालतो, आज त्याला 'जनरेशन' म्हणतात. तिथल्या लहान गटाची ज्युरी असते बर्लिनमधल्या अकरा मुलांची, वयं अकरा ते चौदा. मोठ्या गटाला सात किशोरवयीन मुलंमुली. ही मुलं वशिल्यानं येत नाहीत. आदल्या वर्षी चित्रपट पाहून त्यांनी भरून दिलेल्या प्रश्नावल्या वाचून त्यांना निवडतात. २०१४ साली त्या अकरा मुलांनी आपलं बक्षीस, म्हणजे स्फटिकाचं अस्वल, दिलं अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय, आईची बदली, कोकणातलं अनोळखी गाव, पाऊस, आणि मैत्री होता होता दुखावलेलं मन. त्या मुलांनी ना कोकण पाहिलं होतं, ना सरकारी नोकरीतली बदली त्यांना ठाऊक असणार. आपल्याकडे 'किल्ला' थिएटरात लागला जून २०१५ मध्ये, म्हणजे त्यानंतर सव्वा वर्षाहून अधिक काळानं. आपल्या भाषेतला इतका चांगला चित्रपट आपल्याआधी परक्या शहरातल्या शाळकरी मुलांनी ओळखला, हे मी दर वर्षी नव्या ज्युरीला सांगते.

त्याच विभागात मोठ्या माणसांची एक आंतरराष्ट्रीय ज्युरीही असते. तिची बक्षिसं वेगळी, मुलांची वेगळी, आणि एकीनं दुसरीच्या निकालात हात घालायचा नाही. तुमच्या प्राध्यापकांसाठी हाच तोडगा सुचवीन. त्यांना बक्षीस द्यायचं असेल तर त्यांनी त्यांचं स्वतंत्र द्यावं, दोन्ही निकाल एकाच व्यासपीठावर जाहीर करा. व्हेनिसमध्ये जुन्या, नव्यानं जतन केलेल्या चित्रपटांच्या विभागातही निकाल विद्यार्थ्यांवर सोपवतात: अध्यक्षपदी एखादा दिग्दर्शक, सदस्य मात्र इटलीतल्या विद्यापीठांत सिनेमा शिकणारे विद्यार्थी. २०२५ साली त्यांनी इराणी दिग्दर्शक बहराम बेझाई यांचा 'बाशू' निवडला. युद्धातून पळून दक्षिणेकडून उत्तर इराणात पोचलेला मुलगा, आणि ज्या बाईच्या आसऱ्याला तो येतो तिची भाषा त्याला कळत नाही. विशीतल्या मुलांना जुना चित्रपट चालत नाही म्हणणाऱ्यांना हेही सांगा.

ज्युरी निवडायची कशी? मुख्य कार्यक्रमाच्या महिनाभर आधी एक चित्रपट सगळ्यांसाठी खुला दाखवा आणि बाहेर पडताना एकच कागद द्या: लक्षात राहिलेलं एक दृश्य, आणि ते का राहिलं. पानभरापेक्षा जास्त नको. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, नजर हवी. त्यातून पाच जणं निवडा आणि पाचही मास कम्युनिकेशनची नकोत. आमच्याकडे सगळ्यात चांगलं बघणाऱ्यांत एक कृषी पदविकेचा मुलगा होता आणि एक नर्सिंगची मुलगी. मग दोन संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा. एक लघुपट दाखवा, थांबवा, पुन्हा दाखवा. कॅमेरा कुठे उभा आहे, आवाज कुठून येतो, कट कधी झाला, एवढंच विचारा. चित्रपट रसास्वादाची शिबिरं हेच करतात, फक्त जास्त दिवस. सिद्धांतांचं ओझं इतक्यात नको.

चित्रपटांची संख्या कमी करा. तीन दिवसांत दहा मोठे चित्रपट म्हणजे तिसऱ्या दिवशी ज्युरी पेंगणार. आम्ही सहावर आलो आहोत: दिवसाला दोन, त्यांच्या मध्ये लघुपटांचा एक गट. सहा निवडताना तुमचं म्हणणं दिसू द्या. नुसते गाजलेले सहा एकापाठोपाठ एक लावू नका. एका वर्षी आम्ही 'घर सोडावं लागलेली माणसं' एवढाच धागा धरला, आणि इराणचा चित्रपट व मराठवाड्यातला लघुपट एकमेकांशी बोलायला लागले. ज्युरीनं प्रेक्षकांबरोबर, त्याच पडद्यावर बघायचं. लॅपटॉपवर लिंक पाठवून नाही.

चर्चेची खोली ही या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळते. किमान दोन तास राखून ठेवा. समारोपाच्या आधीची वीस मिनिटं पुरत नाहीत. खोलीत एक मोठं माणूस असावं, चर्चा चालवायला, पण त्याला मत नको आणि मतप्रदर्शनही नको. पहिल्या फेरीत 'आवडला-नाही आवडला' वर्ज्य. प्रत्येकानं फक्त काय पाहिलं ते सांगायचं. गुण देऊन बेरीज करू नका. बेरजेत नेहमी सगळ्यांना थोडाथोडा बरा वाटलेला चित्रपट वर येतो, कोणाच्याही काळजाला न भिडलेला.

तीन वर्षांपूर्वीचं उदाहरण देते. ऊसतोड कामगारांवरचा एक लघुपट स्पर्धेत होता. देखणा, संथ, दोन महोत्सवांत जाऊन आलेला. चार जण त्याच्या बाजूनं होते. पाचवी मुलगी बीड जिल्ह्यातली, आईवडील दर दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर जाणारे. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यात बाप एकटाच तोडतोय आणि आई कोपीपाशी बसून वाट बघतीय. एक कोयता म्हणजे जोडी असते. मुकादम उचल देतो ती जोडीला. तोडलेला ऊस बांधायचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची, हे माझी आई करते. ह्यांना ती दिसलीच नाही." खोलीत कोणी बोललं नाही. मी स्वतः तो लघुपट तीनदा पाहून निवडला होता आणि मलाही ते दिसलं नव्हतं.

त्यानंतर पाऊण तास वाद झाला. एक मुलगा म्हणाला की दिग्दर्शकाला एका माणसाचं एकटेपण दाखवायचं असेल, ते त्याचं स्वातंत्र्य आहे. ती म्हणाली, असू दे, पण मग आईला चित्रातून पूर्ण काढायचं होतं, रिकामी बसवायची नव्हती. हे वाक्य मला कुठल्याही समीक्षेत वाचायला मिळालं असतं तर मी अधोरेखित केलं असतं. शेवटी बक्षीस गेलं एसटीच्या वाहकावरच्या एका साध्या लघुपटाला आणि ऊसतोडीच्या लघुपटाच्या छायाचित्रणाचा खास उल्लेख झाला. त्याचे दिग्दर्शक पाहुणे म्हणून हजर होते. निकालानंतर त्यांनी त्या मुलीला शोधून काढलं आणि दोघं हॉलच्या पायरीवर बसून तासभर बोलत होते. तिच्या आईला भेटता येईल का, असं त्यांनी जाताना विचारलं.

यातून पाहुण्यांविषयीचं निम्मं उत्तर मिळालं असेल. पाहुणा बोलायला जितका यावा तितकाच ऐकायला. ज्यांचा चित्रपट स्पर्धेत आहे त्यांची जेवणं निकाल लागेपर्यंत ज्युरीपासून वेगळी ठेवा, हे त्यांना आधीच सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. प्रवासखर्च आणि राहण्याची सोय नीट करा आणि मानधन किती ते पत्रातच लिहा. नुसते दिग्दर्शक आणि नट बोलावू नका. आमच्याकडे आलेले सगळ्यात चांगले पाहुणे ध्वनिमुद्रक होते. त्यांनी पडदा काळा ठेवून एका प्रसंगाचा फक्त आवाज पाच मिनिटं ऐकवला, मग तोच प्रसंग चित्रासकट. पावसाचा आवाज तीन वेगवेगळ्या जागी धरून एकत्र केला होता, हे समजल्यावर सभागृहात जो हुंकार उठला तो मी विसरणार नाही. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं यांना मिळून पंधरा मिनिटं द्या. चित्रपट वेळेवर सुरू झाला पाहिजे, आणि त्यानंतरच्या गप्पांत पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा असला पाहिजे.

परवानग्यांचं थोडक्यात. तुमच्या घरच्या ओटीटी वर्गणीवरून सभागृहात चित्रपट दाखवता येत नाही, ती फक्त घरात बघण्यापुरती असते. निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून लेखी परवानगी घ्या. मराठी निर्मात्यांना थेट पत्र लिहिलं की बरेच जण कॉलेजसाठी कमी पैशांत तयार होतात. सेन्सॉर सर्टिफिकेट असलेला चित्रपट असेल तर पुढचं सोपं. नसेल, आणि परदेशी महोत्सवी चित्रपटांचं बहुधा नसतंच, तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून महोत्सवासाठी सूट घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून जवळच्या नोंदणीकृत फिल्म सोसायटीला आताच बरोबर घ्या. त्यांना ही वाट माहीत असते. फिल्म सोसायट्यांचा महासंघ १९५९ पासून आहे, सत्यजित राय त्याचे पहिले अध्यक्ष, आणि कॉलेजांना हात देणं हे त्या चळवळीतल्या लोकांना आपलंच काम वाटतं.

प्रोजेक्शनची तालीम आदल्या दिवशी, प्रत्येक फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत. निर्माते डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) देऊ म्हणाले तर आधी विचारा की तुमच्या हॉलमध्ये ती चालवणारा सर्व्हर आहे का. कॉलेजात सहसा नसतो. किल्लीबंद डीसीपीची किल्ली, म्हणजे ती उघडणारी छोटी डिजिटल फाइल, ठरावीक यंत्राला आणि ठरावीक वेळेलाच चालते. चित्रपट अर्धा तास पुढे ढकलला आणि किल्लीची मुदत संपली, असं होऊ शकतं. शक्यतो चांगल्या प्रतीची साधी फाइल मागा. आणि मागच्या रांगेत बसून सबटायटल्सची खालची ओळ दिसते का ते बघा. आमच्या हॉलमध्ये पुढच्यांच्या डोक्यांनी ती झाकली जायची, पडदा दीड फूट वर घेतल्यावर सुटलं.

इंग्रजी सबटायटल्स भराभर वाचता न येणारी मुलं तुमच्याकडेही असतीलच. ती गप्प राहतात आणि पुढच्या चित्रपटाला येत नाहीत. बर्लिनमध्ये लहान मुलांच्या चित्रपटांना एक माणूस केबिनमध्ये बसून सगळे संवाद जर्मनमध्ये जिवंत वाचतो. आम्ही ते एका इराणी चित्रपटाला करून पाहिलं. नाट्यशाखेच्या एका मुलीनं संवाद मराठीत उतरवले, आठवडाभर तालीम केली आणि मागे बसून हलक्या, सपाट आवाजात वाचले, अभिनय न करता. पहिली पाच मिनिटं विचित्र वाटलं, नंतर तो आवाज जाणवेनासा झाला. कर्नाटकात हेग्गोडूसारख्या खेड्यात रंगकर्मी के. व्ही. सुब्बण्णांनी सत्तरच्या दशकात गावकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले आणि लोक पाहायला आले, बोलले. भाषेची अडचण कोणीतरी मनावर घेतली तर सुटते.

शेवटचं, निकालपत्र. ते ज्युरीनंच लिहायचं, मराठीत, पाच-सहा वाक्यांत, आणि 'उत्कृष्ट', 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी' हे शब्द न वापरता. कोणतं दृश्य, कोणता आवाज, कोणता निर्णय आवडला ते लिहायचं. मतभेद झाला असेल तर तोही लिहायचा. व्यासपीठावर ते ज्युरीतल्याच कोणी वाचायचं, पाहुण्यांनी नाही. आमच्याकडे ही सगळी निकालपत्रं एका फाइलीत लावलेली आहेत आणि नव्या ज्युरीला पहिल्या संध्याकाळी ती वाचायला देतो. पहिल्या वर्षाचं पान त्यात कोरं आहे.