वाड्यावर पंचवीस मुलं नेण्याआधी

तुम्ही विचारलंय की कॉलेजची १५ मुलं आणि परदेशातून आलेले १० विद्यार्थी गोव्यातल्या काणकोण तालुक्यात, वेळीप या आदिवासी समाजाच्या एका वाड्यावर सात दिवस न्यायचे आहेत. शाळा रंगवायची, मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि शेवटच्या रात्री धालोचा, म्हणजे बायकांच्या पारंपरिक गाण्या-नाचाचा कार्यक्रम. बेत कसा वाटतो?

स्पष्टच लिहितो. मी कॉलेजात एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) कार्यक्रम अधिकारी होतो आणि तुमचा बेत माझ्याच पहिल्या शिबिराची नक्कल वाटतो.

आम्हीही शाळा रंगवली होती, गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात. पिवळा रंग, त्यावर फुलपाखरं. फोटो झकास आले. पुढच्या गणेश चवथीच्या सुमारास गेलो तर फुलपाखरांवर शेवाळ. माकडांनी कौलं फोडली होती आणि पाणी थेट भिंतीत मुरत होतं. वाड्यावरचा एक गवंडी म्हणाला, "सर, तेव्हाच विचारलं असतं तर आधी वर चढा म्हणून सांगितलं असतं." आम्ही विचारलंच नव्हतं. आम्हाला एनएसएसचे दोन वर्षांचे २४० तास भरायचे होते.

इंग्रजीचं तेच. सात दिवसांत पोरं 'हॅलो' शिकतात, आणि तुमची मुलं परत गेल्यावर तिथल्या शिक्षिकेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

धालोबद्दल जरा जपून. ते पौषात, रात्री, मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात खेळतात. मांडाचे नियम असतात, सुरुवातीची आणि शेवटची रीत असते. आजकाल स्टेजवरही होतात हे खरं, पण ते बायकांनी ठरवायचं. तुमची तारीख मार्चमधली, म्हणून त्यांनी मार्चमध्ये पाहुण्यांसमोर नाचावं ही देवाणघेवाण नव्हे. तुमच्या मुलांना काय येतं? त्यांनी आधी काहीतरी म्हणून दाखवावं, मग बायकांच्या मनात आलं तर त्या फुगडी घालतील. नाही आलं तर नाही.

मग करायचं काय? लिहून घ्यायचं काम. तेही वाड्याने मागितलं तरच.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली जंगलात कसणाऱ्यांना जमिनीचा दावा करता येतो. अर्ज ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो. पुरावा म्हणून कागदच हवा असं नाही. जुनी विहीर, बांध, देवस्थान चालतं आणि दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदनही चालतं. घोडं अडतं ते या 'लेखी'पाशी. आजीला सगळं आठवतं, पण लिहायला कुणी बसत नाही.

गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ साली अनुसूचित जमातींत आले, म्हणून त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की पुरतं. सत्तरीतल्या आमच्या धनगर वाड्याचं तसं नव्हतं. गवळी-धनगर त्या यादीत नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.

तिथे आमच्या एका मुलीने एका आजीचं निवेदन घेतलं, शेजारच्या घराच्या जागेबद्दल. संध्याकाळी वाचून दाखवलं. "बांधावरचा फणस त्याच्या बापाने लावला" इथे आजीने हात वर केला. "बापाने खंय? आज्याने. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याला फणस लागत होते." एका शब्दाने एक पिढी मागे गेली. मुलीने पान फाडून सगळं पुन्हा लिहिलं. त्या आठ दिवसांत ती जे शिकली ते मला वर्षभर वर्गात शिकवता आलं नसतं. परदेशी मुलंही इथे उपयोगी पडतात. भाषा येत नसली तरी विहिरी, बांध, जुनी झाडं यांचा नकाशा ती नीट काढतात. दावा मंजूर होईल असं मात्र कुणी बोलायचं नाही. ते आपल्या हातात नाही.

बाकी थोडक्यात. तुम्ही आधी एकट्या जाऊन या, दोनदा. मार्चमध्ये पंचवीस जणांचं पाणी त्या विहिरीला झेपेल का ते बघा. मला तर दहाच मुलं पुरे वाटतात. जेवण घरोघरी, पैसे देऊन, आणि नाचण्याची आंबील समोर आली तर तोंडं वाकडी करायची नाहीत. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारूनच. लिहिलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत वाड्यावर ठेवा, कॉलेजच्या कपाटात नको. आणि गवंड्याला घेऊन एकदा शाळेच्या कौलांवर चढा.