घरांच्या किमतींची फाइल: पुसण्याआधी विचारा

घरांच्या किमतींवर काम करणाऱ्यांचे बरेच प्रश्न या वेळी आले. बहुतेकांना एकच घाई आहे, फाइल लवकर ‘साफ’ करून किंमतीचा अंदाज सांगणाऱ्या मॉडेलकडे वळायची. मला मात्र या साफसफाईचीच काळजी वाटते. म्हणून आजचा सगळा मजकूर त्यावरच.

ताई, मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला अमेरिकेतल्या एम्स शहराची घरांची फाइल घेतली आहे. १,४६० ओळींपैकी स्विमिंग पूलच्या दर्जाचा रकाना १,४५३ ठिकाणी रिकामा आहे, फायरप्लेसचा ६९० ठिकाणी. अर्ध्याच्या आसपास रिकामे असलेले रकाने काढून टाकायचे असं एका व्हिडिओत ऐकलं. काढू का?

थांब, आधी फाइलसोबत आलेलं वर्णन वाच. ही माहिती डीन डी कॉक यांनी २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच मांडली आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून दिला. त्यात स्पष्ट म्हटलंय की पूलच्या रकान्यातलं ‘एनए’ म्हणजे घराला पूलच नाही. माहिती हरवलेली नाही, ती नकारार्थी आहे एवढंच. पांडाज (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) मात्र फाइल उघडताना ‘एनए’ दिसलं की ते रिकामं समजतं, आणि तुला वाटतं की माहिती गहाळ आहे.

फायरप्लेसचं तू स्वतःच तपासून बघ. घरात किती फायरप्लेस आहेत याचा वेगळा रकाना त्याच फाइलमध्ये आहे. त्यात शून्य असलेल्या ओळी मोज. बरोबर ६९० भरतील, आणि त्या याच ओळी असतील. म्हणजे तू जो रकाना टाकायला निघाली होतीस, तो पूर्ण भरलेला आहे. तिथे ‘नाही’ असा एक प्रकार लिही आणि पुढे जा. पूलचा रकाना शेवटी काढलास तरी माझी हरकत नाही, पण कारण वेगळं: पूल असलेली घरं सातच आहेत आणि सातांवरून काही शिकता येत नाही.

आता खरोखर हरवलेली माहितीही याच फाइलमध्ये आहे. प्लॉटची रस्त्याकडची लांबी २५९ ठिकाणी नाही. रस्त्याला बाजूच नाही असा प्लॉट क्वचितच असतो, तेव्हा ही खरी उणीव. ती त्या-त्या वस्तीच्या मध्यकाने भर, आणि मध्यक फक्त ट्रेनिंगच्या, म्हणजे मॉडेलला शिकवायच्या ओळींवरून काढ. गॅरेज कोणत्या वर्षी बांधलं हा रकाना ८१ ठिकाणी रिकामा आहे, कारण तिथे गॅरेजच नाही. तिथे सरासरी वर्ष भरलंस तर नसलेलं गॅरेज तू बांधून दिलंस.

आणखी एक. पांडाज २.० पासून ‘नन’ (None, म्हणजे ‘काही नाही’) हा शब्दही आपोआप रिकामा धरला जातो. या फाइलमध्ये भिंतीच्या विटकामाच्या रकान्यात ‘नन’ हा रीतसर प्रकार आहे. जुन्या पुस्तकात तिथे ८ रिकाम्या जागा लिहिलेल्या असतील आणि तुझ्याकडे ८७२ दिसतील. घाबरू नकोस. फाइल वाचतानाच ‘कीप डिफॉल्ट एनए’ (keep_default_na) हा पर्याय बंद कर आणि रिकामं काय धरायचं ते स्वतः सांग.

मॅडम, मी मांजलपूरमध्ये फ्लॅटच्या खरेदी-विक्रीची दलाली करतो. वीस वर्षांच्या वह्या मुलाकडून एक्सेलमध्ये उतरवून घेतल्या. क्षेत्रफळाच्या रकान्यात नुसते आकडे आहेत, आणि मजल्याच्या रकान्यात तारखा आल्या आहेत! काय करावं?

तुमच्या वह्या सोन्यासारख्या आहेत, त्या रद्दीत घालू नका, एवढं आधी सांगते.

मजल्याचं कोडं सोपं आहे. वहीत ३/७ लिहिलं असेल, म्हणजे सात मजली इमारतीतला तिसरा मजला. एक्सेलने ती ३ जुलै समजली. मजल्याचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्या आणि मूळ वहीवरून पुन्हा भरा. तारखेवरून उलटा मजला काढायच्या नादी लागू नका.

क्षेत्रफळाचं प्रकरण अवघड आहे. समजा एका ओळीत १२० आणि किंमत ४५ लाख आहे. १२० चौरस फूट असेल तर फुटाला ३७,५०० रुपये पडतात. मांजलपुरात असा भाव नाही, ते लगेच कळतं. पण १२० वार (चौरस यार्ड) असेल तर १,०८० चौरस फूट होतात आणि फुटाला सुमारे ४,१६७ पडतात. १२० चौरस मीटर असेल तर सुमारे १,२९२ चौरस फूट, म्हणजे फुटाला ३,४८३. हे दोन्ही भाव पटण्यासारखे आहेत. कॉम्प्युटर इथे निवाडा करू शकत नाही, तुमची वहीच करेल. मी पूर्वी अशाच एका वहीवर काम केलं होतं. तिथे आकड्यापुढे पेन्सिलीने बारीक ‘वा.’ लिहिलेलं असायचं. टाइप करणाऱ्याने ते कचरा समजून गाळलं होतं आणि चारशे नोंदी मला पुन्हा वहीशी ताडून बघाव्या लागल्या.

म्हणून एकक स्वतंत्र रकान्यात लिहा. आणखी एक रकाना करा: कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) की सुपर बिल्टअप (भिंती, जिना, लॉबी यांचा वाटा धरून). विक्रीत कार्पेट क्षेत्रफळ सांगणं बंधनकारक करणारा रेरा कायदा २०१६ चा, पण तुमच्या बऱ्याच नोंदी त्याआधीच्या असणार, आणि तेव्हा बोलणं सुपर बिल्टअपवरच व्हायचं. वरचाच १,०८० फुटांचा फ्लॅट कार्पेटमध्ये ७२० भरला तर त्याच ४५ लाखांत फुटाचा भाव ६,२५० होतो. जिथे आठवत नाही तिथे ‘माहीत नाही’ लिहा. अंदाज लिहू नका.

बँकेतून निवृत्त झालो, आता कारेलीबागेत घरी बसून पायथन शिकतो आहे. कॅलिफोर्नियाच्या फाइलचा आलेख काढला तर किमतीच्या वरच्या टोकाला ठिपक्यांची सरळ आडवी रेघ येते. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. उलट तुमची नजर चांगली आहे, आलेख काढून बघणारे थोडेच असतात. ही माहिती १९९० च्या जनगणनेची आहे. २०,६४० ओळी आहेत आणि एक ओळ म्हणजे एक घर नव्हे, एक छोटी वस्ती आहे. पाच लाख डॉलरच्या वरची किंमत ५,००,००१ अशीच लिहिली गेली. अशा ९६५ ओळी आहेत, तीच तुमची रेघ. घराचं वयही ५२ वर थांबवलेलं आहे. त्या वस्त्यांची खरी किंमत सहा लाख की नऊ लाख, हे फाइलला ठाऊकच नाही. मी त्या ओळी ट्रेनिंग आणि तपासणी दोन्हींतून बाजूला काढते आणि निष्कर्षात लिहिते की हे मॉडेल पाच लाखांच्या खालच्या वस्त्यांपुरतंच आहे.

बोस्टनच्या घरांची फाइल सायकिट-लर्नमधून (पायथनमधलं मॉडेल बनवायचं साधन) उघडत नाही. जुनी आवृत्ती टाकू का?

नको. ती १.२ या आवृत्तीत काढून टाकली गेली. ती १९७८ च्या एका अभ्यासातली आहे. त्यात वस्तीतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रमाणावरून बनवलेला एक रकाना आहे, आणि त्यावर किंमत शिकवणं योग्य नाही. ५०६ ओळींसाठी एवढा खटाटोप कशाला? एम्स घ्या.

बंगळुरूची १३,३२० ओळींची फाइल घेतली. क्षेत्रफळ आकडा न येता टेक्स्ट म्हणून येतंय. ‘टू न्यूमेरिक’ लावून ‘कोअर्स’ केलं की एरर जातो. एवढं पुरेसं आहे का? (वाघोडिया रोडवरचा इंजिनीअर)

एरर जातो, पण त्याबरोबर काय गेलं ते पाहिलंत का? जे आकड्यात बसत नाही ते ‘कोअर्स’ गुपचूप रिकामं करतं. आधी न बसणाऱ्या नोंदी वेगळ्या काढून वाचा. तिथे ‘२१०० - २८५०’ अशा जोड्या दिसतील, ‘३४.४६ चौरस मीटर’ दिसेल, एकर, गुंठा, सेंट, ग्राउंड दिसतील. एककं तर थेट बदलता येतात: गुंठा १,०८९ चौरस फूट, सेंट ४३५.६, ग्राउंड २,४००. जोड्यांचा मध्य काढायची पद्धत आहे, पण माझ्या मते ती नोंद एका घराची नसून अख्ख्या स्कीमची आहे. मध्य काढलात तरी त्या ओळींवर खूण ठेवा.

याच फाइलमध्ये २,४०० फुटांत ४३ खोल्यांची एक नोंद आहे. सगळे ती टायपिंगची चूक म्हणून उडवतात. पण शेजारच्या रकान्यात बाथरूम ४० आहेत. दोन्हीकडे सारखीच चूक व्हायची शक्यता कमी. खोल्या भाड्याने द्यायची इमारत असावी असा माझा अंदाज आहे. कुटुंबाच्या घरांच्या अभ्यासातून ती काढाच, फक्त कारण लिहून काढा.

माझ्याकडे बडोद्याच्या दोन फाइली आहेत, एक दस्तावेजांतल्या किमतींची, दुसरी जाहिरातींमधल्या. एकाखाली एक जोडू का?

किमतीच्या एकाच रकान्यात नको. जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, दस्तावेजातली ही नोंदणी. स्टॅम्प ड्युटी जंत्री (सरकारने ठरवलेला दर) आणि व्यवहाराची किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागते, त्यामुळे दस्तावेजातल्या पुष्कळ किमती जंत्रीच्या आसपास घुटमळतात. शिवाय २०११ नंतर १५ एप्रिल २०२३ पासून जंत्री वाढली, जमिनीचे दर तर दुप्पट झाले. त्या तारखेला तुमच्या आलेखात उडी दिसली तर बाजार एका रात्रीत चढला असं समजू नका.

जोडण्याआधी रस्त्यांची नावंही एक करा. ओल्ड पादरा रोड, जुना पादरा रोड आणि ओ. पी. रोड हा एकच रस्ता आहे, पण कॉम्प्युटरला ते तीन रस्ते वाटतात. पिनकोड टेक्स्ट म्हणून वाचा, ३९०००१ आणि ३९०००७ ची सरासरी कुठल्याच पत्त्यावर पोचत नाही. मग ‘दस्तावेज की जाहिरात’ असा रकाना जोडा. ज्या दस्तावेजांवर तारीख नाही ते मात्र वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कारण ते जुन्या जंत्रीचे की नव्या, हे मागाहून कळणार नाही.